आधी सांगते, मग बसते

बेल वाजवली की त्या दोन पावलं मागे सरकून उभ्या राहायच्या. दार उघडणाऱ्याला समोरचा माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, हातात लांबट वही, आणि जिने चढून आल्यामुळे जरा धाप लागलेली. "या ना ताई, बसा," म्हटलं की उत्तर ठरलेलं.

"आधी सांगते, मग बसते."

आमच्या कलकत्त्याच्या मंडळाची आमंत्रणं त्या करायच्या. संक्रांतीचं हळदीकुंकू असो, गणपती असो, यादी त्यांच्या वहीत. पुढे सगळं मोबाइलवर आलं तरी त्यांनी घरोघरी जाणं सोडलं नाही. निरोपावर पाठवलेलं आमंत्रण त्या आमंत्रण धरत नसत. "वरच्यांना तुम्हीच सांगा ना जाता जाता," हे तुम्ही-आम्ही सगळेच म्हणतो. त्यांना ते अजिबात खपायचं नाही. स्वतः जायचं, समोर उभं राहून सांगायचं, आणि मग वहीत त्या घरापुढे बरोबरची खूण करायची.

त्यांचा जन्म इथलाच. वडील शाळेत शिक्षक, नवरा गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत. मराठी आपल्यासारखंच, पण अधूनमधून "चहा खाणार का?" असं बंगाली वळणाचं काहीतरी निसटायचं आणि आम्ही बदलीवर आलेल्या बायका गालात हसायचो. नवरा गेल्यावर मंडळात कुजबुज झाली की आता कुंकवाच्या आमंत्रणाला दुसरं कोणीतरी बघावं. पुढच्याच संक्रांतीला त्या माझ्या दारात उभ्या. म्हणाल्या, मी विधवा आहे, ज्यांना चालत नसेल त्यांनी कुंकू आपल्या हातानं लावून घ्यावं, सांगून ठेवलेलं बरं. असं त्यांनी एकूण एक घरी सांगितलं. कुजबुज तिथेच संपली.

या सांगून ठेवण्यापायी माणसं वैतागायची, हेही खरं. एका वर्षी वाण म्हणून वाट्या आणल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात वाटी ठेवताना त्या म्हणत होत्या, बुडाला जरा पोचा आहे, म्हणून स्वस्तात मिळाल्या. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मी बँकेतून निवृत्त झाल्यावर आमची न्यू टाउनची जागा भाड्यानं द्यायची होती. बघायला आलेल्या जोडप्यासमोर ताईंनी आतल्या भिंतीची ओल दाखवली आणि पावसाळ्यात ती कुठवर चढते तेही बोटानं दाखवलं. जोडपं गेलं ते गेलंच. मी आठवडाभर त्यांच्याशी धड बोलले नाही. त्यांना ते कळलं की नाही कोण जाणे. आठव्या दिवशी दारात उभ्या, उद्या टाकी धुणार आहेत, पाणी भरून ठेवा.

आमचं घर बागबाजारात. तीन मजल्यांची जुनी इमारत, मजल्याला एक बिऱ्हाड. दुसऱ्या मजल्यावर ताई, पहिल्यावर मी, आणि तळमजला बरेच दिवस रिकामा होता. कधीकाळी मराठ्यांना अडवायला खणलेला खंदक याच बाजूनं सुरू व्हायचा. आता तो बुजून त्याचा रस्ता झाला आहे, आणि त्या रस्त्यानं मी रोज भाजी आणायला जाते. ही गोष्ट मी येणाऱ्या-जाणाऱ्याला हौसेनं सांगायचे. इथल्या आज्या पोरांना बर्गी येतील म्हणून भीती घालून झोपवतात, आणि बर्गी म्हणजे लुटायला आलेले मराठे, म्हणजे आम्हीच. आम्ही किती सज्जन आहोत हे दाखवून द्यायची मला फार हौस होती. पुढचं सगळं त्या हौसेपायीच झालं.

ताईंना एक मुलगा होता. शिकलेला, न्यू टाउनमध्ये चांगल्या कंपनीत, तिकडेच एका संकुलात राहायचा. रविवारी तिथल्या मुलांना चित्रकला शिकवायचा, त्याचं ताईंना कोण कौतुक. मग एक दिवस पोलीस आले. तिथल्या एका लहान मुलीला त्यानं काय केलं ते मी इथे लिहिणार नाही. कोर्टात सिद्ध झालं, दहा वर्षांची शिक्षा झाली. ताईंनी तेव्हाही कोणाला काही लपवलं नाही. तो निर्दोष आहे असं त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. दर महिन्याला डबा घेऊन भेटीला जायच्या आणि परत येऊन दार लावून बसायच्या.

शिक्षा संपत आली तेव्हा तुरुंगातल्या समुपदेशक बाईंनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, मला याची खात्री देता येत नाही, मुलांजवळ याला एकटा सोडू नका. ताई तिथून थेट पोलीस ठाण्यात गेल्या. त्यांनी विचारलं, शेजाऱ्यांना कोण सांगणार? अशा लोकांची सरकारदरबारी यादी असते म्हणे, पण ती पोलिसांनी बघायची. गल्लीत सांगायची पद्धत आपल्याकडे नाही. तिथला अधिकारी भला माणूस असावा. माशीमा, घरी जा, गप्प बसा, लोक तुम्हालाच राहू देणार नाहीत, असं तो म्हणाला.

ताईंनी घरी येऊन वहीचं नवं पान उघडलं.

तो सुटायला चार दिवस उरले तेव्हा त्या गल्लीत फिरल्या. दुर्गापूजेचे मांडव उभे राहत होते, बांबू ठोकण्याचे आवाज चालू होते. बेल वाजवायची, दोन पावलं मागे, आणि बंगालीत सांगायचं. माझा मुलगा परत येतो आहे. त्यानं काय केलं, त्याबद्दल काय शिक्षा भोगली. तो पुन्हा तसं करणार नाही याची खात्री मला नाही. मी लक्ष ठेवीन, पण तुम्हीही मुलांना आमच्या जिन्यात पाठवू नका. एका घरानं दार तोंडावर आपटलं. एका घरातली म्हातारी त्यांच्या गळ्यात पडून रडली. एकानं विचारलं, तुम्हाला लाज नाही वाटत? ताई म्हणाल्या, वाटते, म्हणून तर आले.

सातव्या घराहून त्या माझ्याकडे आल्या तेव्हा संध्याकाळ झाली होती. पाय सुजून चपलेचा पट्टा रुतला होता. सांगायचं ते सांगून झाल्यावर त्या बसल्या. मी पाणी दिलं, पायांखाली उशी दिली. मग त्या उठायला लागल्या. खाली तुलीच्या आईला सांगायचं राहिलं होतं.

तुली म्हणजे तळमजल्यावर दहाच दिवसांपूर्वी सिलिगुडीहून आलेल्या कुटुंबातली मुलगी, नऊ वर्षांची. बाप फिरतीच्या नोकरीवर, घरात आई आणि ती. आल्या दिवसापासून मला काकीमा म्हणून चिकटलेली.

"ताई, तुम्ही आता एक पायरीही उतरू नका," मी म्हणाले. "तुलीच्या आईला मी सांगते. नवीन माणसं आहेत, एकदम तुमच्या तोंडून ऐकलं तर घाबरतील."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पेन्सिल बोटांत फिरवली.

"नक्की?"

"नक्की."

तुम्ही म्हणाल यात वाईट काय होतं? दमलेल्या बाईला मी एका जिन्याची सूट दिली. मलाही त्या क्षणी तसंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी खाली गेले. तुलीची आई पडदे शिवत होती. मला बघून मशीन थांबवलं, चहा ठेवला. म्हणाली, काकीमा, नवरा पंधरा-पंधरा दिवस बाहेर असतो, नवं शहर, पण वर तुम्ही दोघी आहात म्हणून मला काळजीच वाटत नाही. मग हसून म्हणाली, लहानपणी आजी मला बर्गींची भीती घालायची, आणि आता बघा, मी बर्गींच्या भरवशावर राहते.

ते ऐकून मी किती सुखावले, ते आठवलं की आता अंगावर काटा येतो. त्या चहाच्या कपासमोर मला सांगवलं नाही. जिना चढताना मी स्वतःला म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तुलीला ताप होता. तिसऱ्या दिवशी तिचा बाप आला होता, आणि पुरुषासमोर हा विषय कसा काढायचा? चौथ्या दिवशी ताईंचा मुलगा सुटून आला. टॅक्सीतून उतरला, मान खाली घालून जिना चढून गेला. केस पिकलेले, खांदे पडलेले. मला वाटलं, हा कोणाचं काय करणार! शिक्षा भोगून आला आहे, आता आपण का त्याच्यावर शिक्का मारायचा? हे सगळं मला तेव्हा सुचलं. चार दिवसांपूर्वी ताई बोलत होत्या तेव्हा यातलं काही सुचलं नव्हतं.

त्या संध्याकाळी ताई जिन्यात भेटल्या. "सांगितलंत ना खाली?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी अंबाड्यातून पेन्सिल काढली, तिथेच भिंतीला वही टेकवून खूण केली. त्यांच्या वहीत दुसऱ्याच्या शब्दावर केलेली ती एकच खूण असेल.

त्यानंतरचे तीन आठवडे मी डोळ्यांनी पाहिले आहेत. शाळा सुटायच्या वेळी ताई वरच्या जिन्याच्या वळणावर वेताचा मोढा टाकून बसायच्या, मांडीवर मटाराची नाहीतर मेथीची टोपली. तो घराबाहेर पडत नव्हता. गल्लीतली माणसं ताईंशी बोलेनाशी झाली होती. तळमजल्यावरून मात्र पूजेत नारळाच्या वड्या आल्या, विजयादशमीला तुलीची आई येऊन त्यांच्या पाया पडून गेली. ताई माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "बघा, सगळं माहीत असून ती बाई माझ्या पाया पडली." त्यांचे डोळे भरले होते. मी कुकरची शिटी बघायला आत गेले.

गल्लीतल्या लोकांनी तुलीच्या आईला कसं सांगितलं नाही, असं तुमच्या मनात येईल. सगळ्यांना वाटलं की एकाच इमारतीतली माणसं, त्यांना आधी सांगितलं असणार. शिवाय नव्या बाईशी असल्या गोष्टी बोलायला कोणाची ओळख होती?

इथे लक्ष्मीपूजा कोजागिरीला असते, ती झाली त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. पौर्णिमेच्या पूजेचा प्रसाद इथे मुलांच्या हातून घरोघर जातो. शाळांना सुट्टी होती. तुलीनं माझ्याकडे वाटी दिली आणि दुसरी रुमालानं झाकलेली वाटी घेऊन ती वर निघाली. मी दारात उभी होते. ताई वर आहेत असं मी धरून चालले होते. तेवढ्यात खालून पावलं वाजली आणि ताई दुधाची पिशवी घेऊन वर येताना दिसल्या. दहा मिनिटांसाठी गेल्या होत्या.

मी वर बघितलं. त्यांनी माझा चेहरा बघितला, आणि त्या सुजलेल्या पायांनी मी त्यांना पहिल्यांदाच धावताना पाहिलं. मी त्यांच्या मागे.

दाराबाहेर निळ्या पट्ट्यांच्या छोट्या चपला होत्या. दार लोटलेलं होतं. आत तुली खुर्चीत बसली होती, पाय जमिनीला टेकत नव्हते. तो खिडकीशी उभा होता. टेबलावर रंगांची नवी पेटी, उघडलेली, एकही कांडी न वापरलेली, आणि शेजारी कोरा कागद. "काकूंनी बसायला सांगितलं," तुली म्हणाली. काकू म्हणजे बंगालीत काका.

तिला काही झालं नव्हतं, हे आधीच सांगते. दोन मिनिटं झाली असतील, तीन. पण ताई त्या पेटीकडे बघत होत्या. घरातून बाहेर न पडणाऱ्या माणसाकडे ती पेटी कुठून आली, ते त्यांना ठाऊक नव्हतं. ती घरात आहे हेही ठाऊक नव्हतं. त्यांनी दूध खाली ठेवलं, तुलीचा हात धरला आणि तिला घेऊन जिने उतरल्या.

तळमजल्याची बेल त्यांनीच वाजवली. मुलीला आईच्या हाती दिलं आणि दोन पावलं मागे सरकल्या. सगळं माहीत असताना हिला वर का पाठवलंत, असं त्यांनी विचारलं. रागानं नाही. त्यांना खरोखर समजत नव्हतं.

तुलीची आई म्हणाली, "काय माहीत असताना?"

ताईंनी वळून माझ्याकडे बघितलं. मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होते. त्या नजरेत राग असता तर मी आज हे लिहायला बसले नसते, कधीच मोकळी झाले असते. मला वाटतं, त्यांना माझी कीव आली.

मग त्या पुन्हा समोर वळल्या आणि तिथेच उभ्या राहून सगळं सांगितलं, गल्लीत सात घरी सांगितलं होतं तसं, एकही शब्द न गाळता. तुलीची आई मुलीला पोटाशी धरून ऐकत होती. शेवटी ती माझ्याकडे बघून म्हणाली, "काकीमा, तुम्हाला माहीत होतं?"

मी मान हलवली, होकारार्थी.

आठ दिवसांत ताई मुलाला घेऊन गेल्या. गार्डन रीचला नवऱ्याच्या जुन्या कचेरीतल्या एका एकट्या म्हाताऱ्याच्या घरामागची खोली मिळाली. त्याआधी पाच घरमालकांनी नकार दिला होता, कारण ताई भाडं ठरवायच्या आधी सगळं सांगायच्या. निघायच्या दिवशी मी वर गेले, माफी मागायला. वाक्यं घोकून गेले होते. त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "तो एक जिना मी उतरायला हवा होता."

मला वाटतं, एवढं लागेल असं कोणी मला आयुष्यात बोललेलं नाही.

तुलीचं कुटुंब अजून खालीच आहे. दाराला आता साखळी आहे. पुढच्या संक्रांतीला मंडळाची आमंत्रणं माझ्याकडे आली. मी खाली गेले, बेल वाजवली. साखळीएवढं दार उघडून तिनं हळदीकुंकवाचं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, आणखी काही सांगायचं राहिलंय का? ती टोमणा मारत नव्हती. प्रत्येक भेटीला आता ती तसंच विचारते.

गेल्या महिन्यात ताई गेल्या. झोपेतच गेल्या म्हणे. मला चार दिवसांनी कळलं. गार्डन रीचला गेले तर तो एकटाच खोलीत सामान बांधत होता. मला बघून खुर्ची पुसून दिली. आईनं तुमच्यासाठी ठेवली आहे, म्हणून ती लांबट वही माझ्या हातात दिली. वहीला दोऱ्यानं पेन्सिल बांधलेली.

मी तिथेच पानं उलटली. गार्डन रीचच्या त्या गल्लीतली अकरा घरं, अकरा खुणा. त्यामागचं पान बागबाजारचं. शेवटच्या ओळीवर तुलीचं घर, पुढे खूण, आणि ती खूण एका सरळ रेघेनं खोडलेली. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, "मी सांगितले. उशिरा." माझं नाव कुठेही नव्हतं.

पहिल्या तारखेला जागा बदलतो आहे, तो म्हणाला. न्यू टाउनच्या पलीकडे एका घरात गच्चीवरची खोली मिळाली होती. मी विचारलं म्हणून पत्ताही सांगितला, मी तो वहीत लिहून घेतला. तो माझ्या हाताकडे बघत होता. "आई असती तर आधी जाऊन सांगून आली असती," तो म्हणाला. त्याला हायसं वाटत होतं की तो माझ्याकडे काही मागत होता, हे मला आजही उमगलेलं नाही. मी बरं म्हणाले आणि निघाले.

त्या भेटीला आज अठरा दिवस झाले. पहिल्या दिवशी मी म्हटलं, उद्या जाऊ. मग गुडघा दुखत होता. मग विचार केला की सांगितलं तर त्याला खोली मिळणार नाही, मग तो कुठे जाईल? हा प्रश्न खोटा नाही. ताईंनाही तो पडायचा, आणि तो मनात ठेवूनच त्या जिने चढायच्या. आज सकाळी जिन्यात तुलीच्या आईनं नेहमीचं विचारलं, काही सांगायचं राहिलंय का? मी नाही म्हणाले, घरी गेले, वही पिशवीत घातली आणि न्यू टाउनची बस पकडली.

घर सापडायला वेळ लागला नाही. फाटकाशी लहान मुलाची तीन चाकांची सायकल आडवी पडली होती. मी बेल वाजवली. आतून धावत येणारी पावलं ऐकू आली आणि दारामागून एका छोट्या आवाजानं कोण आहे ते विचारलं, "के?"

मी दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, आईला बोलाव.